लेम्पीचं पिस्तूल आणि गप्प बसायचं कलम

आमच्या नेमबाजी क्लबात एक नियम आहे. बाहेरच्या माणसाला तो सांगितला की तो आधी हसतो, आणि मग खरंच असं करता का म्हणून विचारतो. महिन्यातल्या एका रविवारी जुन्या फौजी पिस्तुलांची स्पर्धा असते. कुठल्या तरी सैन्याने मोडीत काढलेलं पिस्तूलच तिथे चालतं. त्यावर नंतर कसलीही कारागिरी केलेली चालत नाही. आणि स्पर्धा संपली की कुणीही सभासद दीडशे डॉलर टेबलावर ठेवून तुमचं पिस्तूल उचलू शकतो. तुम्ही नाही म्हणायचं नाही.

हा नियम आमच्या पुरुषांनी मोटारींच्या शर्यतींवरून उचलला. शेजारच्या गावात मातीच्या ट्रॅकवर भंगार गाड्या पळवतात. भंगारात कुणी गुपचूप महागडं इंजिन बसवू नये म्हणून तिथेही ठरलेल्या किमतीला इंजिन मागता येतं. पैसेवाल्याने पैशाच्या जोरावर जिंकू नये, एवढाच उद्देश.

पण आमची माणसं काही कमी नाहीत. पहिल्याच वर्षी पिस्तुलावर कुणी हात ठेवला रे ठेवला की मालक कण्हायला लागायचा. अरे, नळीला चीर आहे. अरे, स्प्रिंग गेलीय, उगीच बोटं तुटतील तुझी. चांगली धडधाकट पिस्तुलं विकायची वेळ आली की एकाएकी आजारी पडायची. शेवटी समितीने वैतागून दुसरं कलम घातलं. ज्याचं पिस्तूल गेलं त्याने क्लबाच्या फाटकाच्या आत त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. काढला तर त्याला वर्षभर नेमबाजीची रेंज बंद. हे कलम ज्या बैठकीत झालं त्या बैठकीला कॉफी मीच दिली होती, आणि मलाही तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं होतं.

मी सायमा. मी गोळ्या झाडत नाही. रेंजच्या पत्र्याच्या शेडमध्ये कॉफी, वेलचीचा गोड पाव आणि मांस-बटाटा भरलेल्या गरम पॅस्टी विकते. लेम्पी काउप्पीला तिथे मीच नेलं, हाताखाली मदतीला म्हणून. लेम्पीने जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलं. लग्न केलं नाही. आईचं सगळं केलं, आणि आई गेल्यावर हिच्याकडे वेळच वेळ उरला. बोलायला एकदम कंजूष. आम्ही फिनलंडहून इथे अमेरिकेत खाणीत राबायला आलेल्यांची नातवंडं, कुणीच फार बोलत नाही म्हणा. पण लेम्पी म्हणजे आमच्यातही कमाल होती. 'मीठ दे' म्हणायच्या आधी ती विचार करायची.

एकदा पाव कापता कापता ती रेंजप्रमुख रुडी पेल्तोला म्हणाली, "मला एकदा देशील का?" रुडीने हसत हसत आपलं पिस्तूल दिलं. तिने नीट उभं राहून झाडलं. कागदाच्या वर्तुळाच्या कडेला भोक पडलं. ती ते भोक बघत उभी राहिली. तिला इतकं खूश झालेलं मी तिच्या बहिणीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

मग झाली पिस्तुलाची शोधाशोध. नवं घ्यायचं तिच्या पेन्शनीत बसत नव्हतं. हॉकीच्या हॉलमध्ये दर वसंतात बंदुकांचा बाजार भरतो, तिथे आम्ही दोघी गेलो. एका टेबलाखाली लाकडी खोका होता. युरोपातल्या कुठल्याशा सैन्याने काढून टाकलेली पिस्तुलं त्यात तेलकट कागदात गुंडाळून ठेवलेली, आणि वर बोटभर जाड ग्रीस. पुरुष माणसं वरची चकचकीत पिस्तुलं चाळत होती. लेम्पी जमिनीवर बसली, पाकिटातून पांढरा कागद काढला, एकेका नळीच्या मागे धरला आणि डोळा लावून आत बघत राहिली. दुकानदार कंटाळला.

"बाई, सगळी सारखीच आहेत हो."

"नाहीत," लेम्पी म्हणाली, आणि पुढचं उचललं.

तिने निवडलं ते सगळ्यांत कुरूप होतं. बाहेरचा रंग उडालेला, मुठीला टवका गेलेला. पण नळी आतून आरशासारखी. फॉर्म भरला, तिच्या नावावर काही गुन्हा नाही ना याची दुकानदाराने फोन लावून खात्री केली आणि शंभराच्या आतबाहेर सौदा झाला. आता ते ग्रीस काढायचं कसं? क्लबातल्या पुरुषांनी नाना औषधं सांगितली. लेम्पीने शनिवारी सौना, म्हणजे आमची घाम काढायची लाकडी खोली, तापवला तेव्हा पिस्तुलाचे सगळे भाग सुटे करून वरच्या बाकावर तारेला टांगले, खाली पाव भाजायचा ट्रे ठेवला, आणि आम्ही दोघी खालच्या बाकावर घाम गाळत बसलो. वरून थेंब थेंब काळपट ग्रीस गळत होतं. "हा परदेशी पाहुणा आपल्याला उघडं बघतोय," मी म्हटलं. ती इतकी हसली की तिला बाहेर जाऊन गार हवेत उभं राहावं लागलं.

त्या पिस्तुलात एक खोड निघाली, ती इथे सांगायला हवी. पिस्तूल भरलं की त्याचा मागचा घोडा ताठ उभा राहतो. गोळी न झाडता तो खाली बसवायचा असेल तर डाव्या बाजूला एक खटका आहे. तो वर ढकलला की घोडा खाली पडतो, पण आत एक लोखंडी तुकडा आडवा येतो आणि बार होऊ देत नाही. लेम्पीच्या पिस्तुलातला तो तुकडा झिजला होता. वाळूच्या खाणीत सराव करताना तिने असाच खटका ढकलला आणि बार उडाला. समोर वाळूचा कडा होता म्हणून बरं. नंतर मी बरोबर असताना तिने पुन्हा करून पाहिलं. कितीतरी वेळा काहीच नाही, आणि आता पुरे म्हणत असतानाच धाडकन. बंदुका दुरुस्त करणाऱ्याने उघडून पाहिलं आणि मान हलवली. तो भाग मिळत नाही. नवा घडवून बसवला तर स्पर्धेत पिस्तूल चालणार नाही. "हा खटका आहे हेच विसर," त्याने सांगितलं. "बाकी पिस्तूल सोन्यासारखं आहे."

लेम्पी विसरली. खटक्याला तिने कधी हात लावला नाही. आणि तेव्हा तिचा नंबर शेवटून दुसरा-तिसरा यायचा, त्यामुळे तिचं पिस्तूल कुणी मागेल हे आमच्या दोघींच्या डोक्यातही आलं नाही. तसं यायला हवं होतं, हे तिने पुढे स्वतःच सगळ्यांसमोर कबूल केलं.

ऑक्टोबरातला तो रविवार. मेपलची पानं गळून गेली होती, सरोवरावरून बोचरा वारा येत होता, सगळ्यांच्या हातांना कंप सुटला होता. फक्त लेम्पीच्या हाताला नव्हता. जन्मभर उकळत्या पातेल्यांशी खेळलेले हात ते. तिने एकामागून एक गोळ्या काळ्या वर्तुळात घातल्या. रुडीने कागद आणले, दोनदा बघितले आणि म्हणाला, "पहिली लेम्पी." टाळ्या झाल्या. ती शेडच्या खांबाला टेकून लाजत उभी राहिली.

तेवढ्यात तौनो हिल्तुनेन पुढे आला. तौनो पूर्वी लाकूड गिरणीत मुकादम होता, आणि निवृत्त झाला तरी जगाचा मुकादम तोच. वर्षानुवर्षं पहिला येणारा. त्याने पाकीट काढलं, नोटा टेबलावर ठेवल्या आणि लेम्पीच्या पिस्तुलावर हात ठेवला.

"हे माझं."

नियमच तो. लेम्पीचा चेहरा पांढराफटक पडला. लोकांना वाटलं, पिस्तूल गेल्याचं दुःख. मला माहीत होतं ते काय आहे. मी कॉफीचं भांडं खाली ठेवलं.

"नळी बघ नळी," तौनो बाजूच्याला दाखवत होता. "हे मी उशाशी ठेवणार. भरायचं, घोडा खाली करायचा, की बिनघोर. रात्री अस्वल आलं तरी हात घातला की तयार."

"अस्वलापेक्षा हेल्मी जास्त घाबरेल," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. हेल्मी म्हणजे तौनोची बायको. ती नेहमीप्रमाणे शेडबाहेर, पण फाटकाच्या आतच, पिकअपमध्ये विणत बसली होती. तिला बारांचा आवाज सोसत नाही.

लेम्पी माझ्याजवळ आली. "फाटकाबाहेर सांगते त्याला," ती पुटपुटली. "रस्त्यावर गाठते." तिने कोट चढवला. शहाणा बेत होता. पण तौनोला घरी जाईपर्यंत दम कुठला! तो पिकअपपाशी पोचला, हेल्मीच्या बाजूचं दार उघडलं, सीटच्या कडेला टेकला आणि खिशातून काडतुसं काढून मॅगझीन भरायला लागला. तिथून फाटक लांब होतं. लेम्पी थांबली. तिने एकदा रुडीकडे पाहिलं, एकदा त्या उघड्या दाराकडे. मॅगझीन आत बसल्याचा खट् आवाज मला शेडमधून ऐकू आला. तौनोने वरचा भाग मागे ओढून सोडला. घोडा उभा. त्याचा अंगठा खटक्याकडे गेला, आणि नळीच्या रेषेत हेल्मीचे गुडघे होते.

"तौनो! खटक्याला हात लावू नको! गोळी सुटेल! तौनो!"

ओरडली होती लेम्पी. तौनोचा अंगठा जागच्या जागी थांबला. लेम्पी धावत सुटली होती. त्या वयात, त्या बुटांत. तिने जाऊन हेल्मीला दंडाला धरून दुसऱ्या बाजूने गाडीबाहेर ओढलं. विणकामाचा गुंडा चिखलात घरंगळत गेला.

"वेड लागलं का हिला?" तौनो म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो हसायला लागला. "अच्छा! नळीला चीर, स्प्रिंग गेली, आणि आता खटका! रुडी, ऐकलंस ना? फाटकाच्या आत बोलली."

रुडी तसा न्यायी माणूस. त्याने पिस्तूल मागितलं, रेंजवर नेलं, तोंड मातीच्या बांधाकडे केलं. आम्ही सगळे मागे जमलो. त्याने घोडा उभा केला आणि खटका ढकलला. टक्. काही नाही. पुन्हा. टक्. पुन्हा. लेम्पी ओठ घट्ट मिटून बघत होती. मी मनातल्या मनात त्या मेल्या पिस्तुलाला शिव्या देत होते. उड ना रे, एरवी कसा उडतोस! रुडीने अंगठा दुखेपर्यंत केलं. टक्, टक्, टक्. मागे कुणीतरी खुसखुसलं.

"अजून ढकल," लेम्पी म्हणाली. "अजून. कधी होतं, कधी होत नाही."

"रात्रीच्या जेवणापर्यंत ढकलायचं का?" तौनोने विचारलं. "आणि काय गं, खरंच मोडकं आहे तर तू आमच्यात उभी राहून महिनोन् महिने झाडत कशी होतीस?"

हा प्रश्न बरोबर होता, आणि म्हणूनच तो लागला. लेम्पी म्हणाली, "ती माझी चूक. मी सांगायला हवं होतं. पण तौनो, तू घरी तो खटका ढकलू नकोस. माझ्यावर हवं तेवढं हस, पण ढकलू नकोस."

"मी पण पाहिलंय!" मी ओरडले. "वाळूच्या खाणीत बार उडाला, माझ्या डोळ्यांदेखत!"

"सायमा, तू तिची मैत्रीण," रुडी हळूच म्हणाला. त्याने पिस्तूल रिकामं करून तौनोच्या हातात दिलं. मग टोपी काढून लेम्पीला म्हणाला, "वर्षभर, लेम्पी. माझा इलाज नाही." दीडशे डॉलर तिच्या कोटाच्या खिशात त्यानेच घातले. मी त्या दिवशी उरलेल्या पॅस्टी कुणाला विकल्या नाहीत. पैसे दाखवणाऱ्यालाही नाही म्हटलं.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते मला विचारा. लेम्पीने हेल्मीला फोन केला. हेल्मी म्हणाली, "अगं, मी सांगितलं त्याला. तो म्हणतो, पिस्तूल गेलेल्या बाईचं ऐकून मी घर चालवू का?" लेम्पीने चिठ्ठी टाकली. चर्चच्या पाद्रीबाबांना मध्ये घातलं. पाद्रीबाबा म्हणाले, बघतो, आणि त्यांनी काही बघितलं नाही. पुढच्या रविवारी चर्चमध्ये लोक तिच्याकडे बघून तोंड फिरवून हसत होते. दुपारी रेंजवरचे बार वाऱ्याबरोबर तिच्या अंगणापर्यंत यायचे. प्रत्येक बाराला ती दचकायची. मी तिच्याकडे गेले की ती खिडकीपाशी उभी असायची, हातात तेच कोरडं भांडं, तेच फडकं. जेवण नाही. एकदा गावातून ॲम्ब्युलन्स गेली तर ती कोटही न घालता रस्त्यावर धावली. कुणा म्हाताऱ्याच्या छातीत दुखत होतं म्हणून ती गाडी आली होती. लेम्पी कितीतरी वेळ तिथेच उभी राहिली. मला तिचा राग यायला लागला होता, खरं सांगते. म्हटलं, "तू सांगितलंस, आता त्याचं नशीब. सोड ना." तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी कॉफी ठेवायला उठले.

मग एका संध्याकाळी तिच्या दारात तौनोची पिकअप थांबली. मी तिथेच होते. आधी तौनो आत आला, टोपी हातात घेऊन, आणि त्याच्या मागे हेल्मी. तौनोच्या गालावर एक लहानसा ओरखडा होता. बसा म्हटलं तरी तो बसला नाही.

"उडालं," तो म्हणाला.

लेम्पीने टेबलाची कड धरली. "कुणाला..."

"कुणाला नाही. वाळूच्या बादलीत. बादली फुटली, पत्रा थोडा गालाला लागला." त्याने टोपी दुसऱ्या हातात घेतली. "मी रोज रात्री पलंगाच्या कडेला बसून ते भरतो आणि तोंड खाली जमिनीकडे करून खटका ढकलतो. पहिल्या दिवसापासून. काही व्हायचं नाही. तुला मी रोज हसायचो. काल मात्र, बर्फावर पाय घसरू नये म्हणून पायऱ्यांवर टाकायला ठेवलेली वाळूची बादली वर माडीवर घेऊन गेलो. बादलीत तोंड घातलं आणि ढकललं."

"कालच का?" मी विचारलं. "इतके दिवस नाही, मग काल का?"

तो माझ्याशी बोलला नाही, लेम्पीशी बोलला. "तुझं ओरडणं कानातून जाईना. आपण एका शाळेत होतो, लेम्पी. नदीवरचा बर्फ फुटून तू पाण्यात गेलीस तेव्हाही तू ओरडली नव्हतीस. मुकाट्याने काठ धरून राहिली होतीस. काल अंथरुणावर बसलो आणि मला ते आठवलं. म्हटलं, ही पिस्तुलासाठी ओरडणारी बाई नाही."

हेल्मी अजून दारापाशीच होती. ती म्हणाली, "आमच्या पलंगाच्या बरोबर खाली, तळमजल्यावर, माझं स्वयंपाकघर आहे. तो रोज ज्या वेळी ते भरतो त्या वेळी मी खाली पीठ मळत असते. कालही मळत होते." बस, एवढंच. मग ती चालत आली आणि तिने लेम्पीला मिठी मारली. आमच्यात अशा मिठ्या मारत नाहीत. लेम्पीला हात कुठे ठेवायचे ते कळेना.

"रविवारी मी सगळ्यांसमोर सांगणार आहे," तौनो म्हणाला. "रुडीला बंदी उठवावी लागेल. ते कलमही काढायला लावतो."

लेम्पीने ऐकलं की नाही कोण जाणे. ती एकदम रडायला लागली, लहान मुलासारखी, नाक पुसायचंही भान नाही. मला वाटलं, सुटली बिचारी. पण ती रडत रडत हेल्मीच्या खांद्यात बोलत होती, आणि जे बोलत होती ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

"मला वाटायचं, उडावं एकदा. म्हणजे सगळ्यांना कळेल मी खोटं बोलले नाही. रोज वाटायचं, हेल्मी. तू तिथे आहेस हे माहीत असून वाटायचं. मग रात्रभर देवाची माफी मागायची, आणि सकाळी पुन्हा तेच मनात यायचं."

तौनो खाली मान घालून टोपीची कड फिरवत होता. मीही त्या रविवारी रेंजवर उभी राहून त्या पिस्तुलाला 'उड' म्हटलं होतं, पण तेव्हा समोर मातीचा बांध होता.

हेल्मीने मिठी सोडली नाही. ती तिच्या पाठीवर हात फिरवत होती, पीठ मळून मळून राठ झालेले तिचे हात.

"उडालं ना," ती म्हणाली. "मी आहे ना इथे. झालं तर मग. चल, आधी काहीतरी खा."